रद्दीतून शिकण्याचे खेळ: बुचं, काड्या, लग्नपत्रिका आणि वाटीभर खळ

‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हटलं की डोळ्यांपुढे जे येतं ते बहुतेक वेळा शोकेसमध्ये ठेवायचं असतं. बाटलीला लोकर गुंडाळून केलेली फुलदाणी, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, जुन्या सीडीचा मोर. त्यासाठी दुकानातून चमकीचे कागद, फोमशीट, ग्लूगन असं सगळं आणलेलं असतं, टाकाऊ म्हणाल तर एक बाटली. मुलानं हात लावला की ओरडा बसतो. अशा वस्तूंबद्दल मी लिहीत नाहीये. तीन ते सात वर्षांच्या मुलांनी रोज हाताळायचे, सांडायचे, चुकायचे आणि पुन्हा मांडायचे खेळ घरातल्या अडगळीतून कसे करायचे, ते सांगते. दिसायला साधेच असतील. मला तर जरा ओबडधोबडच आवडतात, कारण मोडण्याची भीती कोणालाच वाटत नाही.

खेळ करायला घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: मुलाची चूक कोणाला दिसणार आहे? ती फक्त तुम्हाला दिसणार असेल, तर तो खेळ नाही, ती तोंडी परीक्षा आहे. चूक मुलाला स्वतःला दिसली पाहिजे. तुकडा बसत नाही, एक घर रिकामं राहतं, मागे उलटून पाहिलं तर खूण जुळत नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केलं, तिथल्या साधनांचं मर्म हेच होतं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि महागड्या परदेशी साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पानं, खडे असं गावात फुकट मिळणारं सामान वापरलं. पुढे कोसबाडला हेच काम आदिवासी पाड्यांवर गेलं. अंगणातल्या बालवाडीची कल्पना आपल्याकडे रुजली ती या कामातून. म्हणजे आज आपण जे ‘लो-कॉस्ट’ म्हणून नव्यानं शोधतो, त्याला महाराष्ट्रात ऐंशी वर्षांची परंपरा आहे.

आधी मूल बघा, मग रद्दी

व्हिडिओ पाहून खेळ ठरवू नका. चार दिवस मुलाकडे बघा. ते कशात अडकतं आणि कशात रमतं? तीन वर्षांच्या मुलाला डब्यात टाकणं, बाहेर काढणं, झाकण फिरवणं, सारख्या वस्तू वेगळ्या करणं यातच तासभर आनंद मिळतो. त्याला अक्षरं दाखवायची घाई नको. चार वर्षांचं मूल जोड्या लावतं, लहान-मोठं क्रमानं मांडतं, पाच-सात वस्तू बोट लावून मोजतं. पाचव्या-सहाव्या वर्षी अक्षरं आणि दहापर्यंतच्या संख्या पक्क्या होऊ लागतात. सातव्या वर्षी बाराखडी, दशक-एकक आणि सगळ्यांना छळणारी आपली मराठी संख्यानावं. एका खेळात एकच गोष्ट ठेवा. रंग, आकार, अक्षर आणि बेरीज एकाच पटावर कोंबली की मूल नेमकं कशाला दाद देतंय ते आपल्याला कळत नाही.

काय साठवायचं

दाराशी एक खोकं ठेवा आणि महिनाभर टाकत जा: पाण्याच्या नि तेलाच्या बाटल्यांची झाकणं, मोठ्या बरण्यांची झाकणं, लग्नपत्रिका (यांच्याइतका जाड, गुळगुळीत आणि फुकट कागद दुसरा नाही), मागच्या वर्षीचं भिंतीवरचं कॅलेंडर, बुटांची खोकी, कुरिअरचा नालीदार पुठ्ठा, शर्टाच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लॅस्टिक, आइस्क्रीमच्या काड्या, जुन्या कपड्यांची बटणं, शिंप्याकडच्या चिंध्या, चिंचोके, अंड्यांचा ट्रे. भाजीच्या जुडीचे रबरसुद्धा.

काय साठवायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं आहे. कीटकनाशक, फिनाईल, ॲसिड, रंग किंवा औषध ज्यात होतं तो डबा कितीही धुतला तरी मुलाच्या हातात जाऊ देऊ नका. शेतावरच्या घरात हे विशेष सांभाळा. कापलेले पत्र्याचे डबे, काच, फुटके फुगे, थर्मोकोल, स्टेपलरच्या पिना लावलेले कागद नकोत. गाणं वाजवणाऱ्या शुभेच्छापत्रात आणि स्वस्त खेळण्यांत गोल बटणासारखा सेल असतो. तो गिळला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते, म्हणून ते पत्र उघडूच नका, सरळ टाका. लहान चुंबकांचंही तेच.

आकाराची तपासणी घरी करता येते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जे तपासणीचं नळकांडं वापरतात त्याचा व्यास साधारण ३.२ सेंटिमीटर असतो. पुठ्ठ्याची तेवढी नळी करून ठेवा. जी वस्तू तिच्यात मावते ती घशात अडकू शकते. पाण्याच्या बाटलीचं नेहमीचं झाकण सुमारे ३ सेंटिमीटरचं, म्हणजे ते आत जातं. घरात सगळं तोंडात घालणारं धाकटं भावंडं असेल तर बरणीची मोठी झाकणंच वापरा आणि चिंचोके-बटणं वरच्या फळीवर ठेवा. चिंचोका नाकात घालणारी मुलं प्रत्येक पिढीत असतात. दुकानातल्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं; घरच्या खेळण्याची तपासणी मात्र आपणच करायची.

खळ आणि पुठ्ठा

फेव्हिकॉल लागेलच, पण पुठ्ठ्यावर पुठ्ठा किंवा कागद चिकटवायला खळ स्वस्त आणि चांगली. अर्धी वाटी मैदा तेवढ्याच गार पाण्यात गुठळी न राहता कालवा. पातेल्यात दीड वाटी पाणी उकळा, आच मंद करा आणि कालवलेला मैदा धारेनं ओतत ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा. चमचाभर मीठ किंवा चिमूटभर तुरटीची पूड घाला. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. बाइंडर लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या वस्तूंना नको.

कुरिअरचा पुठ्ठा एकेरी वापरला तर आठवड्यात मान टाकतो. दोन तुकडे असे चिकटवा की एकाच्या नाल्या उभ्या येतील आणि दुसऱ्याच्या आडव्या. वर जड पुस्तकं ठेवून रात्रभर वाळवा, नाहीतर पापडासारखा वाकतो. कटर मोठ्यांनीच चालवायचा, स्टीलची पट्टी धरून, एकाच जोरकस घावाऐवजी पाच-सहा हलके हात मारत. कडांना सेलोटेप लावला की बोटंही कापत नाहीत आणि पुठ्ठाही सुटत नाही.

धाकट्यांसाठी तीन झटपट खेळ

झाकणाची फट: प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणाला फट पाडा, कडा टेपनं मढवा. बरणीची मोठी झाकणं मूल त्यातून आत टाकतं. आवाज येतो, मजा येते. नंतर एक आडवी, एक उभी अशा दोन फटी करा, म्हणजे मनगट फिरवावं लागतं. पेन्सिल धरण्याची तयारी इथूनच होते.

सदऱ्याची पाटी: बाबांच्या जुन्या शर्टाचा पुढचा भाग बटणपट्टीसकट कापा आणि पुठ्ठ्यावर ताणून मागून शिवा. दुसऱ्या पाटीवर चेन, तिसरीवर नाडी. अंगातल्या कपड्याचं बटण मुलाला नीट दिसत नाही, मांडीवरच्या पाटीचं दिसतं.

आवाजाच्या जोड्या: सहा काडेपेट्या घ्या, घासायच्या कडांवर कागद चिकटवा. दोनांत तांदूळ, दोनांत राजमा, दोनांत बारीक वाळू. टेपनं पक्क्या बंद करा. जोडीच्या दोन्ही पेट्यांच्या तळाला एकाच रंगाचा ठिपका द्या. मूल कानाशी हलवतं, जोड्या लावतं आणि मग उलटून ठिपके बघतं. तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

अंड्यांचा ट्रे, म्हणजे दहा-दहाची तीन घरं

हा माझा सर्वांत लाडका खेळ. ३० अंड्यांच्या ट्रेमध्ये पाच-पाच खळग्यांच्या सहा ओळी असतात. दोन-दोन ओळी एकत्र ठेवून कापला की पाच वर, पाच खाली असे दहाचे तीन साचे तयार मिळतात. अंडं फुटून डाग पडलेला ट्रे घेऊ नका. कोरडा, स्वच्छ ट्रे दोन दिवस कडक उन्हात ठेवा, बाहेरून-आतून रंग द्या आणि खेळून झाल्यावर हात धुवायची सवय लावा. घरात अंडी येत नसतील तर दुहेरी पुठ्ठ्यावर पाच-पाचच्या दोन ओळी आखा, चौकट ५ सेंटिमीटरची. काम तेच होतं.

आता दहा झाकणं द्या. नियम एकच: आधी वरची ओळ डावीकडून भरायची, मग खालची. मूल सात झाकणं ठेवतं तेव्हा त्याला वरची भरलेली ओळ आणि खाली दोन दिसतात. थोड्या दिवसांनी ते न मोजता ‘सात’ म्हणतं. इथे घाई करू नका. बोटांवर मोजणारं मूल आणि पाहून ओळखणारं मूल यांच्यात पुढे बेरजेला मोठा फरक पडतो.

पुढची पायरी रिकाम्या घरांची. ‘किती घरं भरली?’ याऐवजी ‘किती पाहुणे यायचे राहिले?’ असं विचारा. सात भरली तर तीन रिकामी, सहा भरली तर चार. दहाच्या जोड्या अशा डोळ्यांत बसल्या की पाठ करायला लागत नाहीत. मग रुमालाचा खेळ: ट्रे रुमालानं झाका, आत हात घालून दोन-तीन झाकणं काढून मुठीत ठेवा, रुमाल उचला आणि मुठीत किती ते ओळखायला सांगा. पडताळा मुठीतच असतो. नंतर मुलाला तुम्हाला फसवू द्या. फसवताना ते जास्त विचार करतं.

अकरा ते वीस शिकवताना दुसरा साचा खाली जोडा. पहिला पूर्ण भरल्याशिवाय दुसऱ्यात जायचं नाही. तेरा म्हणजे एक भरलेला ट्रे आणि वर तीन, हे दिसल्यावर ‘१३ मधला १ म्हणजे दहा’ हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अक्षरांची बुचं

फिक्या रंगाची झाकणं घ्या. गुळगुळीत प्लॅस्टिकवर मार्कर टिकत नाही, म्हणून आधी पॉलिशपेपरनं वरचा भाग खरखरीत करा, परमनंट मार्करनं अक्षर लिहा आणि वर सेलोटेपचा तुकडा दाबून बसवा. शिरोरेषा झाकणाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढा. मूल बूच उलटंसुलटं धरतं, तेव्हा वर कुठली बाजू हे त्याला या रेघेवरून कळतं. प्रत्येक अक्षराची किमान दोन बुचं करा.

अ पासून ज्ञ पर्यंत सगळी एका दमात करू नका. आधी ग, म, र, न, क, ळ एवढी सहा. यांतून मग, मन, गर, नळ, मगर, नगर, कमळ असे शब्द लगेच होतात. सहा अक्षरांत शब्द वाचता आला की मुलाला वाचनाचा उपयोग कळतो; मुळाक्षरांचा तक्ता संपेपर्यंत वाट पाहायला लावली की कंटाळा कळतो. त्या अक्षराचा नुसता आवाज म्हणा. ‘म मडक्यातला’ हे लांबलचक प्रकरण शब्द जोडताना मध्येच लुडबुडतं.

चित्रपत्त्यांसाठी लग्नपत्रिका पोस्टकार्डाएवढ्या कापा. एका बाजूला वर्तमानपत्राच्या जाहिरातीतलं किंवा हातानं काढलेलं चित्र, खाली तितकी रिकामी वर्तुळं: मगरीला तीन, नळाला दोन. मागच्या बाजूला शब्द. मूल चित्र बघून बुचं वर्तुळांत ठेवतं आणि पत्ता उलटून ताडून पाहतं. जे मूल अजून या टप्प्यावर नाही त्याला वर्तुळांत अक्षरं लिहिलेला पत्ता द्या, तो फक्त सारख्यावर सारखं ठेवेल. तेही वाचनच आहे.

घोळ होतो तो घ-ध, म-भ, य-थ या जोड्यांचा. एकाच आठवड्यात दोन्ही अक्षरं आणू नका. घ पक्का झाला की मगच ध. मग ही जोडी शेजारी ठेवा आणि अक्षराच्या डोक्यावरून एक काडी आडवी धरायला सांगा. घ, म, य यांची शिरोरेषा सलग आहे, काडीखाली पूर्ण झाकली जाते. ध, भ, थ यांची डावीकडे तुटलेली आहे, तिथे गाठ वळून वर येते. हा एवढाच फरक, आणि तो फलकावरच्या तक्त्यात वर्षभर बघूनही कित्येक मुलांच्या लक्षात येत नाही. काडी फिरवली की येतो. त्यानंतर ‘चोर पकडा’ खेळा: आठ ‘ध’मध्ये एक ‘घ’ लपवायचा. तुम्ही लपवा, मूल पकडेल. मग उलट.

पारदर्शक बाराखडी

चाकती फिरवून किंवा खिडकीतून पट्टी सरकवून शब्द बनवण्याचे खेळ इंग्रजीला बरे, कारण तिथे अक्षरं एकापुढे एक येतात. आपली मात्रा डोक्यावर बसते, उकार पायाशी, काना उजवीकडे आणि ऱ्हस्व वेलांटी चक्क आधी. म्हणून सरकती पट्टी नको, एकावर एक ठेवायचे पत्ते हवेत. इथे शर्टाच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लॅस्टिक कामी येतं.

पत्रिकेच्या कागदाचे ८ सेंटिमीटरचे चौरस कापा. मधोमध, सुमारे ३ सेंटिमीटर उंच अक्षर लिहा. सुरुवातीला म, न, ग, ब, त, प, स अशी उजवीकडे उभी रेघ असलेली, साधारण सारख्या रुंदीची अक्षरं घ्या आणि ती उभी रेघ प्रत्येक पत्त्यावर एकाच जागी आणा. त्यासाठी पहिला पत्ता खाली ठेवून दुसऱ्यावर पेन्सिलीनं खूण करा. आता तेवढेच चौरस प्लॅस्टिकचे कापा. एक प्लॅस्टिक ‘म’वर ठेवा आणि फक्त काना काढा. दुसऱ्यावर फक्त पहिली वेलांटी, तिसऱ्यावर दुसरी. असे करत अनुस्वार-विसर्गापर्यंत अकरा होतील. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ मुलांच्या तोंडात रोज असतात, तेव्हा चंद्राचे दोन जास्तीचे कराच.

मग सगळ्यांत महत्त्वाची पायरी: कागद आणि प्लॅस्टिक दोन्हींचा उजवीकडचा खालचा कोपरा तिरका कापा. हे विसरलात तर मूल प्लॅस्टिक पालथं ठेवेल आणि पहिल्या वेलांटीची दुसरी झालेली दिसेल. कोपरा कापलेला असला की पालथं ठेवल्यावर तो भलतीकडे जातो आणि मूल स्वतःच सरळ करतं.

खेळताना एक अक्षर मध्ये ठेवा आणि प्लॅस्टिकं एकेक चढवून वाचा. आमच्या एका मुलीनं ‘म’वर वेलांटी ठेवली, ‘मि’ म्हणाली, मग प्लॅस्टिक तसंच धरून खालून पत्ता काढला, ‘न’ सारला आणि ओरडली, ‘ताई, नि झाला! तीच उडी मारते!’ बाराखडी म्हणजे क, का, कि, की ची घोकंपट्टी नव्हे, एकच खूण सगळ्या अक्षरांवर तोच आवाज चढवते, हे तिनं हातानं शोधलं. र मात्र या खेळात उकाराच्या वेळी बाजूला ठेवा. ‘रु’ आणि ‘रू’चा उकार पायाशी न बसता कुशीत शिरतो; तो वेगळा दाखवा.

काड्यांच्या जुड्या आणि पंचवीस-बावन्नचा घोळ

‘पंचवीस’ सांगितलं की मूल ५२ लिहितं. यात त्याचा दोष नाही. कानावर पाच आधी पडतात आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. वादात मला पडायचं नाही. घरात, बाजारात आणि आजीच्या तोंडी पंचवीसच राहणार, तर मुलाला त्या शब्दाच्या आत काय आहे ते दाखवावं.

खराट्याच्या हिराच्या काड्या बोटभर लांबीच्या कापा आणि टोकं घासून बोथट करा, किंवा आइस्क्रीमच्या काड्या उकळून वाळवा. शंभर तरी हव्यात. दहा-दहाच्या जुड्या रबरानं मुलालाच बांधायला द्या. तुम्ही बांधून दिल्या तर जुडीत दहाच आहेत यावर त्याचा विश्वास बसत नाही, ते सोडून मोजत बसतं. (बसू दे.) कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर दोन रकाने आखा: डावीकडे जुड्या, उजवीकडे सुट्या.

आता ‘पंचवीस’ म्हणा. मूल आधी पाच सुट्या उचलेल, कारण तेच आधी ऐकलं. हरकत नाही, उजवीकडे ठेवू दे. मग वीसच्या दोन जुड्या डावीकडे. आता डावीकडून वाचत खाली आकडे लावायचे: २, ५. आकड्यांसाठी लग्नपत्रिकेचे पत्ते करा. कॅलेंडर देवनागरी आकड्यांचं असेल तर त्यातलेच कापा. मग लगेच ‘बावन्न’ मांडा, पंचवीस तसेच ठेवून. दोन जुड्या-पाच सुट्या आणि पाच जुड्या-दोन सुट्या समोरासमोर दिसल्या की फरक किती मोठा आहे हे डोळ्यांना कळतं. छत्तीस-त्रेसष्टही असेच खेळा.

एकोणतीस, एकोणचाळीस यांच्यासाठी वेगळी गंमत आहे. तीन जुड्या मांडा आणि सांगा, ‘तीसमधली एक काडी पळाली.’ एक जुडी सोडावी लागते, एक काडी काढावी लागते, उरतात दोन जुड्या नि नऊ सुट्या. तीसला एक उणी म्हणून एकोणतीस. ‘एकोण’ ऐकलं की पुढचं दशक बघायचं आणि एक पळवायची, हे मुलं पटकन पकडतात. एकोणनव्वदपर्यंत सगळं सुरळीत चालतं, नव्याण्णव मात्र मुलखावेगळा.

चिंचोक्यांचा पट

फासा विकत आणू नका. चार चिंचोके खरखरीत दगडावर एका बाजूनं घासा, आतला पांढरा गर दिसेपर्यंत. टाकले की जेवढे पांढरे वर तेवढं दान. चारही काळे पडले तर जुन्या पटांत आठ मिळतात; लहानांच्या खेळात पुन्हा टाकायची पाळी द्या.

पट मात्र विचार करून आखा. सापशिडीसारखा वळणावळणाचा नको, निदान पहिला तरी. कॅलेंडरच्या पाठीवर एक सरळ पट्टी, १ ते १० अशी सारख्या आकाराची घरं, आकडे डावीकडून उजवीकडे. अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रामाणी यांनी २००८ साली गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना असाच सरळ आकड्यांचा पट थोडा वेळ, मोजक्या वेळा खेळायला दिला, तेव्हा त्यांची संख्यांची समज वाढली. आकड्यांऐवजी रंग असलेला पट खेळणाऱ्यांची तशी वाढली नाही. तेव्हा घरांत आकडे हवेतच.

दान पडल्यावर ‘एक, दोन, तीन’ म्हणत सोंगटी सरकवू नका. सोंगटी ७ वर आहे आणि तीन पडले, तर ‘आठ, नऊ, दहा’ म्हणायचं. सुरुवातीला मूल हमखास एकपासून सुरू करतं. तुम्ही तुमच्या पाळीला बरोबर म्हणत राहा, टोकू नका. दहाचा पट सोपा झाला की वीसचा करा, त्याच्यानंतर मुलाला स्वतःचा पट आखायला द्या. ‘इथे कुत्रा आहे, दोन घरं मागे’ असले नियम मुलं अफाट बनवतात.

खेळताना आणि आवरताना

एका वेळी एकच खेळ जमिनीवर. बसकर किंवा जुनी उशीची खोळ अंथरा, खेळ तिच्याबाहेर जायचा नाही, म्हणजे बुचं कपाटाखाली जात नाहीत. पहिल्यांदा खेळ दाखवताना कमीत कमी बोला. हात हळू चालवा आणि मुलाला बघू द्या. ते वेगळंच काही करू लागलं, बुचांचा मनोराच रचला, तरी दहा मिनिटं गप्प बसा. कंटाळ्याची पहिली जांभई दिसली की थांबा. संपेपर्यंत रेटलेला खेळ दुसऱ्या दिवशी कोणी मागत नाही.

प्रत्येक खेळाची पिशवी वेगळी ठेवा. मिठाईच्या दुकानातली नाडीची कापडी पिशवी उत्तम. बाहेर त्या खेळाचं चित्र आणि आत किती नग आहेत तो आकडा लिहा: बुचं २४, काड्या १००, चिंचोके ४. आवरताना मूलच मोजतं आणि कमी पडलं तर शोधतं. जी पिशवी तीन आठवडे कोणी मागितली नाही ती माळ्यावर टाका, दोन महिन्यांनी काढा. ट्रे मऊ पडला, पुठ्ठा ओला झाला, प्लॅस्टिकची कड चिरली की दुरुस्तीत वेळ घालवू नका, नवा करा. जुना पुठ्ठा रद्दीवाल्याकडे जाईल, आणि एखादं ‘म’चं बूच हरवलं तर संध्याकाळी पाण्याची बाटली रिकामी होईपर्यंत थांबायचं.